‘खागान’ ते ‘चंद्रराव’ : शिवथर-जावळीच्या संदर्भात राजकिताबांची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘खान’ एवढा एकच शब्द उच्चारला तरी ऐकणाऱ्याच्या मनात अफजलखान उभा राहतो. शाळेतील पाठांपासून शाहिरांच्या डफापर्यंत ‘खान आला’, ‘खान बुडाला’ अशी वाक्ये विशेषनामासारखी वापरली जातात. हा शब्द वस्तुतः एक किताब आहे, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात एकेकाळी तो सम्राटपदाच्या निकट होता आणि विजापूरच्या दरबारात येईपर्यंत त्याची प्रतिष्ठा अनेक पायऱ्या उतरून आली होती, याचा विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. ‘चंद्रराव’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या व नाटके यांतून चंद्रराव मोरे ही एक व्यक्ती म्हणून वाचकास परिचित होते; प्रत्यक्षात ‘चंद्रराव’ हे जावळीच्या गादीचे बिरुद होते व त्या गादीवर बसणारा प्रत्येक पुरुष ते धारण करीत असे. किताबाचे नाव बनले की तो किताब कोणी दिला हा प्रश्न नाहीसा होतो. शिवकालीन व शिवोत्तर मराठी वाङ्मयातील काही महत्त्वाची स्थळे या प्रश्नाभोवतीच रचलेली आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शिवथर आणि ‘चंद्रराव’

महाड तालुक्यात वरंधा घाटाच्या पायथ्याच्या मुलखात कसबे शिवथर, आंबे शिवथर आणि कुंभे शिवथर ही गावे आहेत. समर्थ रामदासांनी येथील घळीत दासबोधाची रचना केली अशी परंपरा असून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही घळ निश्चित केली. त्यामुळे आज शिवथर म्हटले की घळ, धबधबा आणि दासबोध एवढेच आठवते. सतराव्या शतकाच्या मध्यास मात्र हे खोरे मोऱ्यांच्या जावळीचा भाग होते.

ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात मोरे घराण्याची कथा येते. मूळ पुरुषास विजापूरच्या सुलतानाने फौज देऊन या डोंगरी मुलखात पाठविले, पराक्रमाबद्दल ‘चंद्रराव’ हा किताब दिला. पुढे त्याच्या मुलाने परिंड्याजवळच्या लढाईत निजामशाही फौजेचे हिरवे निशाण हस्तगत केले व ते निशाण वापरण्याची परवानगीही सुलतानाकडून मिळविली, असा तो वृत्तांत आहे. त्यातील तपशील किती विश्वसनीय आहेत हा प्रश्न वेगळा. घराण्याच्या स्मृतीत किताब आणि निशाण या दोन्ही गोष्टी ‘मिळालेल्या’ आहेत, ही बाब येथे महत्त्वाची आहे. शत्रूकडून जिंकलेले निशाणदेखील धन्याच्या अनुज्ञेनेच फडकते.

इतिहासलेखनात रूढ असलेल्या वृत्तांतानुसार दौलतराव मोरे निपुत्रिक वारल्यावर त्याच्या विधवेने शिवथरच्या मोऱ्यांपैकी यशवंतराव यास दत्तक घेतले आणि या कामी शिवाजी महाराजांचे साहाय्य झाले. दत्तक मुलगा गादीवर बसला आणि ‘चंद्रराव’ झाला. १६५६ मध्ये ज्याच्याकडून जावळी गेली त्या चंद्ररावाचे वैयक्तिक नाव काही ठिकाणी यशवंतराव, तर काही ठिकाणी कृष्णाजी असे दिलेले आढळते. किताबाने व्यक्तीला इतके झाकून टाकावे की अभ्यासकांना तिचे नाव शोधावे लागावे, हे या बिरुदाच्या सामर्थ्याचे प्रमाणच होय.

मोऱ्यांच्या बखरीतील पत्रव्यवहार

जावळीच्या प्रकरणावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. जदुनाथ सरकारांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिवचरित्रात या घटनेकडे हेतुपूर्वक केलेला घात म्हणून पाहिले. महाराष्ट्रातील अभ्यासकांनी त्याचा प्रतिवाद केला. दोन्ही पक्षांचे लक्ष साधनांच्या शुद्धाशुद्धतेवर होते. मोऱ्यांच्या बखरीत मात्र निराळीच गोष्ट केंद्रस्थानी आहे. तेथे शिवाजी महाराज आणि चंद्रराव यांचा जो पत्रव्यवहार दिला आहे, त्याचा पहिला मुद्दा मुलूख, खंडणी वा आश्रय दिलेले गुन्हेगार यांपैकी कोणताही नाही. पहिला मुद्दा ‘राजे’ या पदवीचा आहे. महाराजांकडील पत्राचा आशय असा की राज्य आपणांस श्रीशंभूने दिले आहे, म्हणून मोऱ्यांनी स्वतःस राजे म्हणवू नये. मोऱ्यांचे उत्तर तितकेच ताठ आहे. तुम्ही राजे झालात ती कालची गोष्ट, असे ते सुचवितात आणि स्वतःच्या राजेपणाचा पुरावा देतात : आपण कोकणचे राजे असून श्रीमहाबळेश्वराच्या कृपेने राज्य करतो आणि त्याच कृपेने पादशहाने मेहेरबान होऊन किताब, मोरचेल आणि सिंहासन दिले आहे.

या उत्तराकडे उद्धट मांडलिकाची बढाई म्हणून पाहण्याची सवय वाचकास लागली आहे. ते बारकाईने वाचल्यास त्यातील तर्क सुसंगत दिसतो. देवाचा आधार मोरेही घेतात. दोन पक्षांतील अंतर भक्तीचे नसून वाटेचे आहे. मोऱ्यांच्या मते देवाची कृपा पादशहाच्या हातून उतरते. देव, पादशहा आणि राजा अशी ती साखळी आहे. महाराजांच्या पत्रात मधली कडी काढून टाकलेली आहे. शंभू आणि राजा यांच्यामध्ये कोणीही नाही. सार्वभौमत्वाची एवढी नेमकी मांडणी बखरवाङ्मयात क्वचितच आढळते आणि ती एका किताबाच्या भांडणातून साधलेली आहे.

ही बखर घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेली असल्यामुळे या पत्रांना १६५६ चे अस्सल कागद समजण्याचे कारण नाही. परंतु अस्सल नाहीत म्हणून ती बाजूस सारणे हेही समीक्षेच्या दृष्टीने घाईचे ठरेल. रचलेले पत्र रचणाऱ्याच्या काळातील प्रश्न सांगते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आकाशाने दिलेले पद

जावळीतील हा वाद डोंगरकपारीतला, स्थानिक वाटतो; त्याची जातकुळी मात्र फार दूरची आणि जुनी आहे. तुर्की व मंगोल भाषक टोळ्यांच्या इतिहासात सर्वोच्च शासकास ‘खागान’ म्हणत. इ.स. ४०२ मध्ये रौरान टोळ्यांच्या शेलुन या प्रमुखाने ही पदवी धारण केली. ५५२ मध्ये त्याच रौरानांचा पराभव करून बुमिन या तुर्क प्रमुखाने ती आपल्याकडे घेतली. म्हणजे खागानपद मिळविण्याचा मार्ग आधीच्या खागानाचा पाडाव करणे हा होता, त्याच्याकडून सनद घेणे हा नव्हता. फारसी-अरबी लेखनात याच शब्दाचे ‘खाकान’ झाले आणि ‘खान’ हे त्याचे निकटवर्ती रूप समजले जाते.

मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातील तुर्की शिलालेख आहेत. विल्हेल्म थॉमसेन या डॅनिश पंडिताने १८९३ मध्ये त्यांची लिपी उलगडली. ७३२ मध्ये कुल तेगिन या राजपुत्राच्या स्मरणार्थ उभारलेल्या लेखात त्याचा भाऊ बिल्गे खागान बोलतो. तुर्क लोक नष्ट होऊ नयेत म्हणून ‘तेंग्री’ने, म्हणजे आकाशाने, आपल्या आईवडिलांना उचलून वर बसविले असे तो सांगतो. याच लेखात एक कटू आठवण आहे. तुर्क सरदारांनी आपले तुर्की किताब टाकून चिनी किताब घेतले, चिनी सम्राटाची आज्ञा मानली आणि पन्नास वर्षे त्याच्यासाठी राबले. बिल्गे खागानाच्या दृष्टीने पारतंत्र्याची खूण हीच : दुसऱ्याने दिलेला किताब. मोऱ्यांच्या बखरीतील पहिले पत्र लिहिणाऱ्यास हे वाक्य माहीत असण्याची शक्यता नाही, पण ते त्याला तत्काळ समजले असते.

उलट बाजूनेही ही गोष्ट घडली. ६३० मध्ये पूर्वेकडील तुर्कांचा पराभव झाल्यावर त्यांच्या सरदारांनी तांग सम्राट ताइझोंग यास ‘स्वर्गीय खागान’ म्हटले. चिनी सिंहासनावर बसलेल्या पुरुषालाही गवताळ प्रदेशातील लोकांवर सत्ता सांगावयाची तर त्यांच्या भाषेतील पद हवेसे वाटले.

तेमुजिनास १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाजवळील सभेत ‘चिंगीज’ ही पदवी मिळाली. त्यातील ‘खान’ आणि त्याचा पुत्र ओगेदेई याने घेतलेले ‘खागान’ यांत फरक होता, असे अनेक अभ्यासक मानतात. पित्याच्या नावामागे ‘खागान’ नंतरच्या पिढीने लावले. नातू गुयुक याने १२४६ मध्ये रोमच्या पोपला पाठविलेल्या फारसी पत्रावर जी मंगोल मुद्रा आहे तिचा आरंभ सनातन आकाशाच्या सामर्थ्याच्या उल्लेखाने होतो. चिंगीजनंतर मात्र एक कडक नियम रूढ झाला. खान व्हायचे तर चिंगीजच्या वंशात जन्म हवा. तैमूरने समरकंदापासून दिल्लीपर्यंत तलवार चालविली, परंतु तो त्या वंशाचा नव्हता. म्हणून त्याने स्वतःस ‘अमीर’ आणि चिंगीज घराण्यातील मुलीशी विवाह केल्यामुळे ‘गुरगान’, म्हणजे जावई, एवढेच म्हणविले आणि खानाच्या पदावर एक नामधारी चिंगीजवंशीय बसवून ठेवला. सत्ता पूर्ण असूनही किताब अपुरा राहिल्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल. तैमूरचे वंशज ‘मिर्झा’ म्हणवीत. बाबर आपल्या आत्मचरित्रात नोंदवितो की तोपर्यंत राज्य करणाऱ्या तैमूरवंशीयांनाही मिर्झाच म्हणत असत. काबूलमध्ये १५०७ च्या सुमारास आपणांस ‘पादशहा’ म्हणावे अशी आज्ञा त्याने दिली. ती देण्यासाठी त्याने कोणाची अनुज्ञा घेतली नाही.

खान उतरतो

हिंदुस्थानात या शब्दाचा उतार आधीच सुरू झाला होता. बरनीच्या ‘तारीख-इ-फीरोजशाही’त बुघराखानाच्या तोंडी जी लष्करी उतरंड येते तीत दहा मलिकांवर एक खान आहे, आणि त्या खानावर सुलतान. खान येथे सरदारांत श्रेष्ठ आहे, पण सरदारच. मोगल दरबारात तर ‘खान-इ-खानान’, म्हणजे खानांचा खान, ही पदवी बैरामखान आणि त्याचा पुत्र अब्दुर्रहीम यांसारख्या सेवकांना मिळाली. जी शब्दरचना सम्राटालाच शोभावी ती सेनापतीच्या अंगरख्यावर टाकली गेली. तुर्कस्तानात मात्र उस्मानी सुलतान आपल्या नावापुढे ‘खान’ लावीतच राहिले. एकच शब्द एका दरबारात धन्याचा आणि दुसऱ्यात चाकराचा!

शिवचरित्रातील खान या दुसऱ्या प्रकारचे आहेत. अफजलखानाचे मूळ नाव अब्दुल्ला; शायिस्ताखानाचे मिर्झा अबू तालिब. सिद्दी जौहरला १६६० मध्ये पन्हाळ्याच्या मोहिमेच्या वेळी ‘सलाबतखान’ हा किताब मिळाला आणि त्याचे निशाण व हुद्दा त्यासोबत आला. त्यांच्या नावातील ‘खान’ त्यांच्या राजेपणाची नव्हे, नेमणुकीची खूण आहे. ‘बहादूर’ हा मुळात मंगोल ‘बाघातुर’. तोही असाच दरबारी झाला.

अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. भेटीच्या प्रसंगी दोघे एकमेकांच्या पदव्या काढीत नाहीत, कुळे काढतात. खान शिवाजीराजांस कुणब्याचे पोर ठरवितो. उत्तरादाखल खानाच्या भटारखान्यातील जन्माचा उल्लेख येतो. या जागेला असभ्य शाहिरी म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. परंतु शाहिराने किताबाचा अंगरखा दूर करून आत जन्माने काय आहे ते दाखविले आहे, आणि ते त्याने दोन्ही बाजूंस सारखेच केले आहे. शाहीर स्वतः नायकास ‘सरजा’ म्हणतो. हा शब्द फारसी ‘शर्झा’, म्हणजे चवताळलेला, या विशेषणापासून आला आहे. मराठी वीराच्या गौरवासाठी फारसी शब्द वापरताना त्याला संकोच वाटलेला दिसत नाही.

कवींद्र परमानंदांची समाधी शिवथरच्या शेजारच्या पोलादपुरात आहे. त्यांच्या ‘शिवभारता’त जावळीची ‘जयवल्ली’ होते, स्थळनामे संस्कृतात मुरडली जातात; ‘खान’ मात्र नावांच्या शेवटी तसाच राहतो. डोंगराचे भाषांतर झाले, किताबाचे झाले नाही. हे अनवधानाने झाले असे वाटत नाही. परक्या धन्याने दिलेली वस्तू परकीच दिसावी, असा त्यामागे कवीचा हेतू असू शकेल.

‘पति’ची मालिका आणि ‘पातशहा’

रामदासांनी शिवाजी महाराजांस लिहिल्याचे परंपरेने मानले जाणारे पत्र महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. त्यात ‘पति’ने अंत पावणाऱ्या विशेषणांची माळ येते. तिच्याकडे नादमाधुर्य म्हणून पाहिले जाते. तथापि गजपति, हयपति अथवा अश्वपति आणि नरपति ही मध्ययुगीन दक्षिणेतील ठरीव राजबिरुदे होती. गजपति म्हणजे ओरिसाचे राजे, नरपति म्हणजे विजयनगरचे आणि अश्वपति म्हणजे उत्तरेकडील घोडदळाचे धनी, विशेषतः सुलतान. या त्रिकुटात तुर्क शासकाला खान वा सुलतान न म्हणता एका देशी चौकटीत बसविलेले होते. रामदासांचे पत्र ती तिन्ही बिरुदे एका पुरुषाच्या ठायी आणते आणि त्यांत ‘गडपति’ व ‘जळपति’ अशी भर घालते. गड आणि समुद्र! ज्या खोऱ्यात घळ आहे त्याच्या एका अंगास रायगड आणि खाली सावित्री-काठची बंदरे. ही भर सह्याद्रीत बसलेल्या माणसाला सुचावी अशीच आहे. ‘छत्रपति’ हे बिरुद या मालिकेचे स्वाभाविक पुढचे पद होय.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. शिवराई नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढाच मजकूर आहे; देणाऱ्या पादशहाचा निर्देश नाही. याच सुमारास रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्याच्या दहा वर्गांत सुमारे १४०० फारसी-दखनी शब्दांस संस्कृत पर्याय आहेत. या कोशाला भाषाशुद्धीचा आद्य ग्रंथ म्हणण्याचा प्रघात एकांगी आहे. शब्द बदलणे हा त्याचा उद्देश खरा; पण लोकांच्या मनातील मोजमाप त्यामुळे बदलले नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस बखर लिहिली. राज्याभिषेकाचे महत्त्व सांगताना त्याने ‘छत्रपति’च्या जोडीस ‘पातशहा’ हा शब्द घेतला आहे. नव्या पदाची उंची जुन्या पदानेच मोजून दाखवावी लागली. ताइझोंगाला ‘खागान’ शब्द हवा झाला त्याचेच हे मराठी रूप.

मराठी दरबारानेही किताब दिले आणि ते देताना भाषेची सोवळेओवळे पाळली नाहीत. कुडतोजी गुजर ‘प्रतापराव’ झाले, हंसाजी मोहिते ‘हंबीरराव’ झाले, तसेच संताजी घोरपडे ‘ममलकतमदार’ आणि उदाजी चव्हाण ‘हिम्मतबहाद्दर’ झाले. आता देणारा छत्रपती होता. म्हणून शब्द फारसी-मंगोल असला तरी अडचण नव्हती. पुढे इंग्रजांनी ‘रावबहादूर’ हा किताब काढला आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमविणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस व रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे दोघेही त्याचे मानकरी झाले. मराठेशाहीचे इतिहासकार मंगोल शब्दाने भूषित व्हावेत, आणि तेही लंडनच्या राजाच्या वतीने, यातील विनोद त्या काळी कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही.

बखरीचा काळ

मोऱ्यांच्या बखरीतील पत्रे १६५६ ची नसतील तर ती कोणत्या काळाचे बोल बोलतात? अठराव्या शतकात मराठ्यांनी दिल्लीचे तख्त आपल्या संरक्षणाखाली घेतले, पण ते मोडले नाही. १७८४ मध्ये शाह आलमने पेशव्यांस ‘वकील-इ-मुतलक’ हे पद दिले आणि महादजी शिंदे यांस त्यांचे नायब केले. १७९२ मध्ये महादजी ती वस्त्रे व फर्माने घेऊन पुण्यास आले. त्यांच्या स्वीकारास नाना फडणिसांचा विरोध होता. साताऱ्याच्या छत्रपतींचा सेवक असलेल्या पेशव्याने मोगल पादशहाचा किताब घ्यावा काय आणि घ्यावयाचा तर कोणाच्या अनुमतीने, हा प्रश्न त्या वेळी उघडपणे निघाला. अखेर शामियान्यात पादशहासाठी रिकामे तख्त मांडण्यात आले आणि सवाई माधवरावांनी त्यासमोर नजराणा ठेवून किताब स्वीकारला. ज्या राज्याच्या वाङ्मयाने चंद्ररावास पादशहाच्या मेहेरबानीबद्दल दोष दिला, त्याच राज्याचा प्रधान त्या दिवशी मोऱ्यांच्याच साखळीत उभा होता.